अर्ध्या तासाची रजा

जोगेश्वरीच्या आमच्या चाळीत तो शेवटच्या खोलीत राहायचा. फौजेत नाईक होता. त्या वर्षी त्याच्या पलटणीला कधीही निघायच्या तयारीत राहायचा हुकूम होता. कुठे जायचं ते त्यालाही ठाऊक नव्हतं. संध्याकाळी तासभर घरी यायची तेवढी परवानगी मिळे.

बायको मालवणकडची, नुकतीच आलेली, दिवस भरत आलेले. गर्दी दिसली की त्याचा सदरा धरायची. तो घरात टेकतसुद्धा नसे. तिला घेऊन सूतिकागृहाच्या रस्त्याला लागायचा आणि तिला पुढे करून स्वतः वीस पावलं मागून चालायचा. ती चुकली तर नुसता खाकरायचा.

एका दुपारी तो अवेळी आला. मला म्हणाला, "वहिनी, आज निघतोय. अर्धा तास दिलाय." मग बायकोला म्हणाला, "आज तू एकटीच जाऊन ये. मी हंयच बसतंय."

ती गेली. मला राहवेना. "अहो, अर्धाच तास आहे, तिच्याबरोबर तरी जा ना!"

"आज गेलो तर उद्या ती कशी जाईल, वहिनी?" तो पायरीवर बसून राहिला. रस्त्यावरची नजर हलली नाही.

पंचवीस मिनिटांनी ती घामाघूम परतली. "गेलंय! नर्सबाईक भेटान इलंय!"

त्याने रुमालाने तिचं कपाळ टिपलं आणि निघाला.

पंधरा दिवसांनी कळा सुरू झाल्या. मी सोबत गेले खरी, पण रस्ता तिनेच दाखवला.

तो लढाईवरून परतला तेव्हा लेक रांगत होती. तिला उचलायच्या आधी त्याने मोरीत जाऊन दोनदा हात धुतले.