सोनेरी सोडून

इस्माईलचाचांच्या डेंटिंग-पेंटिंगच्या दुकानात कुठलाही रंग मिळायचा, सोनेरी सोडून. लातुरात तेव्हा गल्लोगल्ली क्लास निघत होते आणि प्रत्येक संचालकाला पहिल्या आलेल्या पोराचं नाव सोनेरी अक्षरांत हवं असायचं. चाचा हात पुसत म्हणायचे, "लाल घ्या, निळा घ्या. सोनेरी आमच्याकडं न्हाई."

मी गेलो होतो मोर्च्याचा फलक रंगवून घ्यायला. खोल्यांत पोरं कोंबणाऱ्या वसतिगृहांविरुद्ध आमची पत्रकं निघत होती. वाटलं, म्हातारा क्लासवाल्यांचा निषेध करतोय. शाबासकी द्यायला गेलो तर हसले. "लीडर, तुमी जितंतितं मोर्चा हुडकायलात. च्या प्या."

खरं कारण त्यांची पुतणी शबाना हिनं सांगितलं. तिचे वडील रफीक, चाचांचे धाकटे भाऊ, ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवायचे. गिटार होती काळी. चाचांनीच हट्टानं सोनेरी केली. पितळेची पूड लॅकरमध्ये कालवून, नव्या गाडीच्या टाकीसारखी चकचकीत. मग गणेश मंडळं मागायला लागली, "तो सोनेरी गिटारवाला पाठवा." औशाकडच्या एका गावानं विसर्जनाला असंच बोलावलं. कार्यक्रम झाला, रफीक तिथंच मुक्कामी राहिले, आणि पहाटे भूकंप झाला. शबाना तेव्हा रांगत होती. ढिगाऱ्यातून गिटार तेवढी परत आली, अंगभर चरे घेऊन.

चाचा स्वतःला दोष देतात हे मला सहन होईना. मी तावातावानं म्हणालो, "चाचा, माणसं दगडमातीच्या भिंतींनी मारली. लोकांना तसल्या घरांत राहू देणाऱ्यांनी मारली. तुमच्या रंगानं नाही!"

"भिंत तितंच व्हती, लीडर. रफीकला तितं कुनी न्हेलं?"

मी पत्रकांचा गठ्ठा उचलून निघालो.

शबाना मेडिकलच्या क्लासला होती. एका रविवारी मी दुकानात असताना ती गिटार घेऊन आली. "बडे अब्बा, अब्बांची होती तशी करून द्या."

"काळी करतो, बेटा."

"काळी मी बघितलीच न्हाई. तुम्ही स्वतःला शिक्षा करायलात, पन भोगायले मी. माझ्याकडं अब्बांचं दुसरं काय हाय?"

चाचांनी गिटार तिच्या हातातून घेतली. लांबीचा लेप भरून त्यांनी चरे बुजवले, घासले, आणि कुठूनशी आणलेली पूड कालवली. स्प्रेगननं रंग एकसारखा बसत गेला. मध्येच हसले. "रफीक म्हनला व्हता, भाई, गिटारीला नवरदेव केलं, आता माझ्याकडं कोन बघतंय!" भावाचं बोलणं त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं.

"वाळू दे आता," त्यांनी शबानाला बजावलं. "उद्या वरून क्लिअर लॅकरचा हात मारतो. तवर हात लावू नको, पूड निघंल."

दुसऱ्या दिवशी चाचा उठलेच नाहीत. झोपेतच गेले.

क्लिअर मारणारे पेंटर लातुरात पुष्कळ आहेत. मी एकाशी बोलूनही आलो. शबाना गिटार देत नाही. वाजवून उठते तेव्हा तिच्या मनगटाला, बाहीला सोनेरी लागलेलं असतं. ते ती लगेच धूत नाही.