मथुराकाकूंची डबी

आमच्या शेजारच्या मथुराकाकू कधी बसून बोलल्या नाहीत. हातात झाडू, सूप नाहीतर शेरडाची दोरी, आणि तोंड चालूच. "बसलं की माणूस गंजतंय," असं त्या म्हणायच्या. मी पोखर्णीहून परभणीला कॉलेजात जायला लागले, आमच्या घरातली पहिलीच, तेव्हा त्यांनी मला वाटेत अडवलं. "काय शिकायलीस गं?" मी म्हणाले, इलेक्ट्रॉनिक्स. "म्हंजी वायरीच जोडायलीस ना? मग आधी आमचा मिक्सर बघ."

गेल्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा पाय ओढत त्या पुन्हा चालू लागल्या. वाचा मात्र गेली. दिवसभर घरात येरझारा आणि हातवारे. सुनेला, म्हणजे संगीतावहिनींना, खूण कळली नाही की भांडं आपटायच्या. मला ते बघवेना. मी एक छोटी डबी करायला घेतली. बटण दाबलं की आतल्या मेमरी कार्डवर भरलेलं वाक्य ऐकू यावं, एवढंच तिचं काम.

पण डबी बोलेचना. मी वायरी उपसल्या, प्रोग्राम पुन्हा लिहिला. काकू रोज दारात येऊन उभ्या. सगळी बटणं दाबायच्या, डबी कानाला लावायच्या आणि माझ्याकडे बघायच्या. मला कुठंतरी निघून जावंसं वाटे. शेवटी वर्गातल्या मैत्रिणीनं कार्ड काढून बघितलं. "चौसष्ट जीबी? अगं, या बोर्डाला एवढं मोठं कार्ड वाचताच येत नाही!" मोठं ते चांगलं, असं मी धरून चालले होते. मग वहिनींच्या जुन्या बटणांच्या फोनमधलं दोन जीबीचं कार्ड काढलं, त्यातली गाणी पुसून फॉरमॅट केलं, आणि डबी बोलली: "मला पाणी हवं आहे." वाक्य माझं, आवाज वहिनींचा.

काकूंनी पुन्हा दाबलं. ऐकलं. डबी लांब सारली आणि येरझारा घालू लागल्या. मला वाटलं, आवाज कमी पडत असेल. वहिनी म्हणाल्या, "आत्याबाई जन्मात असं बोलल्यात का? आण तुझा फोन, पुन्हा भरू." फोन तोंडाजवळ धरून त्यांनी थेट सासूचा सूर लावला: "अगं ए संगे, पाणी आणायलीस का विहीर खांदायलीस?" मग, "भाजीत मीठ हाय, का बापाच्या घरी ठिवून आलीस?" वहिनी स्वतःलाच बोलणी घालत एकेक बटण भरत गेल्या. काकूंच्या येरझारा थांबल्या.

ते सगळं मी कार्डवर चढवलं. दुसऱ्या दिवशी बससाठी निघाले, तर त्यांच्या घरातून डबी ओरडली, पाणी मागत. लगेच चुलीकडून वहिनींचं उत्तर आलं, "आणायले न्हवं! दोनच हात हाईत मला!"

काकूंनी दुसरं बटण दाबलं:

"तोंड लय चालायलंय गं तुझं!"