सायकलवरून पडलेला भाऊ

आमच्या घरात मारण्याची उतरंड होती. वडील मला मारायचे, मी धाकट्याला मारायचो. धाकट्याच्या खाली कुणी नव्हतं, म्हणून तो कुणालाच मारत नसे. मी त्याला भित्रा समजायचो.

वडील भोपाळच्या एका सरकारी कारखान्यात फोरमन. साताऱ्याहून बदली होऊन आलेले. टाउनशिपमधलं दोन खोल्यांचं क्वार्टर, पुढे हातभर अंगण. वडिलांचा पट्टा उघड्यावर चालायचा. शेजारीपाजारी ऐकायचे आणि रेडिओ मोठा करायचे.

मी अकरावीत होतो, तो आठवीत. शाळा बुडवून मी हबीबगंज स्टेशनावर सिगरेटी फुंकत बसतो, हे त्याने वडिलांना सांगितलं. चुगली म्हणून नव्हे. त्यांनी विचारलं आणि त्याला खोटं बोलता आलं नाही. पट्ट्याचे वळ घेऊन मी अंगणात आलो, तेव्हा तो खाली बसून सायकल पुसत होता. मी त्याला आडवा केला आणि पोटात लाथ घातली. मग दुसरी. मग तिसरी. तिसरीच्या वेळी तो ओरडायचाही थांबला होता आणि मला बरं वाटत होतं. हे लिहायची लाज वाटते, पण खरंच बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचं पोट पाटासारखं कडक झालं. कारखान्याच्या दवाखान्यात नेलं. आतडं फाटलं होतं. वडिलांनी डॉक्टरांना सांगितलं, सायकलवरून पडला, हँडल पोटात घुसलं. डॉक्टरांनी मान डोलावली, अशी पोरं त्यांच्याकडे यायचीच. आई तोंडात पदर कोंबून उभी होती. भाऊ शुद्धीवर आल्यावर वडील त्याच्या कानाशी वाकले आणि तेच वाक्य त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. बेंबीच्या वरपासून खालपर्यंत टाके होते. ते सुकले आणि आम्ही विषय संपवला. मला कुणी एक शब्द बोललं नाही. त्या वेळी वडिलांचा पट्टासुद्धा निघाला नाही.

पुढे मी त्याच कारखान्यात लागलो, तसल्याच क्वार्टरात राहिलो. तो महाराणा प्रताप नगरात कोचिंगला गणित शिकवू लागला, शाहपुऱ्यात घर केलं, लग्न केलं. त्याच्या खाण्याचे मात्र भारी नखरे. हे पचत नाही, ते नको, थोडंच वाढा. अधूनमधून पोटात कळ यायची, उलट्या व्हायच्या. गॅस म्हणून गोळी घेऊन पडून राहायचा. मी त्याला चारचौघांत ‘नाजूक नार’ म्हणून चिडवायचो. सगळे हसायचे, तोही हसायचा.

त्या रविवारी दुपारी दोघं आमच्याकडे जेवायला आले होते. माझी बायको इंदूरची, तिच्या हातचा भुट्ट्याचा कीस म्हणजे आमच्याकडची मोठी मिरवायची गोष्ट. शिवाय उकडलेली कणसं होती. वाढायला मी स्वतः उभा होतो. आग्रह करून वाढणं मला फार आवडायचं. तो म्हणाला, “पुरे, दादा.” मी वाढलं. “दादा, खरंच नको.” मी आणखी वाढलं आणि म्हणालो, “मुकाट्याने खा. ताट साफ झाल्याशिवाय उठायचं नाही.” त्याची बायको काही बोलायला गेली, त्याने तिला नजरेने थांबवलं आणि मान खाली घालून सगळं संपवलं.

चारच्या सुमाराला तो जमिनीवर लोळत होता. कळ आली की गुडघे छातीशी घ्यायचा आणि डोकं फरशीवर आपटायचा. आधी जेवण उलटून पडलं, मग हिरवं पाणी, मग घाण वासाचं काळपट काहीतरी. पोट ढोलासारखं फुगलं. मी त्याचे खांदे दाबून धरले, तर तो इतका किंचाळला की मी हात काढले.

इस्पितळात सर्जनने शर्ट वर करून जुन्या टाक्यांचा व्रण पाहिला. “पुराने ऑपरेशन के बाद अंदर भी निशान बनते हैं,” ते म्हणाले. “पट्टे जैसे. अंतड़ी उसी में फंसी है. अभी खोलना पड़ेगा, देर की तो सड़ जाएगी.” मग त्यांनी विचारलं, “पहले हुआ क्या था?”

भावाच्या नाकात नळी होती. त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग सर्जनकडे. “साइकिल से गिरा था,” तो म्हणाला.

त्याला आत नेलं. तो जगेल की नाही हे कुणी सांगत नव्हतं. बाकावर त्याची बायको आणि मी. मला राहवेना. मी म्हणालो, “सायकल वगैरे काही नाही. मी लाथा घातल्या होत्या.”

“मला ठाऊक आहे,” ती म्हणाली. “लग्नाच्या पहिल्याच वर्षी सांगितलं ह्यांनी.” मग ती माझ्याकडे वळली. तिचा आवाज चढला, येणारेजाणारे थांबले. “आणि आज काय केलंत, दादा? घरी हे अर्धी पोळी खातात. तुमच्याकडे ताट संपवतात, ते काय चवीने? तुम्ही ताटाशी उभे राहिलात की ह्यांचे हात कापतात. चाळिशीचा माणूस! तुम्हाला कधी दिसलं नाही?”

मला दिसलं नव्हतं. मी त्याला भावाभावांतलं प्रेम समजत होतो, आग्रह समजत होतो. मला तिथेच स्वतःला थोबाडात मारून घ्यावंसं वाटलं.

वीतभर आतडं काळं पडलं होतं, ते कापून टाकलं. तो वाचला. सर्जन म्हणाले, या ऑपरेशनचेही आत पट्टे धरणार, कदाचित पुन्हा अडकेल, जन्मभर जपावं लागेल.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी खोलीत गेलो. त्याचे ओठ सुकून फाटले होते. मी पेल्यातून चमचाभर पाणी घेतलं आणि त्याच्या तोंडाशी नेलं. त्याच्या बायकोने धावत येऊन माझ्या हातावर फटका मारला. चमचा भिंतीवर जाऊन आदळला. “थेंबसुद्धा द्यायचा नाहीये!” ती ओरडली. “आत्ताच डॉक्टर ह्यांना बजावून गेलेत!”

म्हणजे त्याला माहीत होतं. तरी माझा हात पुढे आल्याबरोबर त्याने तोंड उघडलं होतं.