आतड्यांचं काम

माझी मुलगी आतडी करते. लग्नकार्यात कोणी विचारलं तर बायको "फिल्म लाइनमध्ये आहे" एवढं सांगून समोरच्याला जेवायला बसवते. मी सरळ सांगतो. आतडी, चिरलेले गळे, भाजलेली कातडी, आणि मागणी आली तर डोळ्याची रिकामी खोबण. भयपटांत मरणाऱ्या माणसांच्या शरीरांचं जे काही होतं, ते ती आणि तिचे दोन सहकारी रे रोडच्या एका भाड्याच्या शेडमध्ये सिलिकॉन ओतून तयार करतात. शेजारी लाकडाची वखार आहे. वखारवाले सुरुवातीला बिचकायचे. आता जेवणाच्या सुट्टीत कापलेल्या मुंडक्याबरोबर सेल्फी काढतात.

मी दादरच्या एका कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालो. बीभत्स हा नवरसांपैकी एक, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं. उदाहरण द्यायची वेळ आली की युद्धभूमीवरची एखादी ओळ घाईने वाचून पुढच्या रसाकडे वळायचो. हा रस एक दिवस आमच्याच घरी राहायला येईल आणि बादलीत बुडवून मोरीत ठेवला जाईल, असं वाटलं नव्हतं.

तिचं नाव पडद्यावर आलेला पहिला सिनेमा आम्ही तिघांनी लोअर परळच्या मॉलमध्ये पाहिला. फक्त प्रौढांसाठी होता. दारावरच्या मुलाने आम्हा दोघांना सोडलं आणि तिच्याकडे वयाचा पुरावा मागितला. ज्या आतड्यांसाठी ही अट होती ती हिनेच केलेली होती, हे मी त्याला सांगणार होतो. तिने माझ्या शर्टाची बाही ओढली.

सिनेमात बरीच माणसं मेली. एका बाईचं पोट फाडलं गेलं तेव्हा मागच्या रांगेतली पोरं हसली. बायकोने पॉपकॉर्नचा डबा डोळ्यांपुढे धरला होता.

"हिचं आलं का?" तिने डब्याआडून विचारलं.

"आलं आणि गेलं."

"कसं होतं?"

"सुरेख."

"मग सांगायचं नाही का मला?"

शेवटी नावं वर सरकू लागली तोवर सभागृह रिकामं झालं होतं. झाडू घेऊन आलेल्या दोघांच्या सोबतीने आम्ही उभं राहून तिचं नाव वाचलं. नाव इतकं बारीक होतं की बायकोला दिसलंच नाही, पण टाळ्या तिनेच वाजवल्या.

बाहेर टॅक्सीची वाट बघताना मुलगी म्हणाली, "बोल बाबा. सरांचं मत काय?"

"आतडी उत्तम. सिनेमा टुकार."

"ते मलाही कळतं. ही कला आहे का, ते सांग."

बाप म्हणून 'हो' म्हणायला हवं होतं. पण तिला तसलं 'हो' नको असतं. "नाही," मी म्हणालो. "पोट फाटलेलं दिसलं, पण बाई कोण होती ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. पिशवी फाटल्यासारखं वाटलं."

ती रागावली नाही. "मला तरी कुठे कळतं? मेसेज येतो: बाई, तीस, पोट. बस. दुसऱ्या दिवशी: वॉचमन, गळा. कोणाचं आहे ते माहीत असलेलं एक पोट करायला मिळू दे मला. मग विचारेन तुला परत."

हे माझ्या डोक्यात राहिलं. आपण कोणाचे हाल बघून 'आतडं तुटलं' म्हणतो. मायेच्या माणसाला आतड्याचं माणूस म्हणतो. मराठीने कणव पोटात ठेवली आहे. पडद्यावर इतकी आतडी तुटली आणि सभागृहात एकाचंही तुटलं नाही, हे मला व्याकरणातल्या चुकीसारखं खटकत होतं.

संधी आली ती सिनेमातून नाही. लालबागला आमच्या गल्लीतलं गणेशोत्सव मंडळ दरवर्षी चलचित्र देखावा करतं. पुतळ्यांना मोटर बसवून हात-मान हलवतात, मागून संगीत आणि निवेदन वाजतं, आणि लोक रांगेने समोरून जातात. मंडळाचे अध्यक्ष एका संध्याकाळी घरी आले.

"ताई, तू भुताच्या पिक्चरची आतडी करतेस ना? आपला यंदा नरसिंह आहे. मागे एकदा केलेला तेव्हा हिरण्यकश्यपूच्या पोटात लाल साडी कोंबलेली. जरीचा काठ दिसत होता. पब्लिक हसलं रे. यंदा पब्लिक हादरलं पाहिजे."

"प्रल्हाद कुठे उभा आहे?" तिने विचारलं.

"कोपऱ्यात. हात जोडून. त्याचं काय?"

"त्याचंच तर आहे सगळं," ती म्हणाली आणि कामाला लागली.

निवेदन माझ्याकडे आलं. मी आयुष्यभर भाषणबाजीची टवाळी केली, पण हातात राक्षस आल्यावर माझाही तोल गेला. 'त्रिभुवनाला ग्रासू पाहणारा मदांध, उन्मत्त, दुराचारी दैत्य' अशी वधाच्या प्रसंगाची सुरुवात होती आणि पुढे तर अलंकारांची मिरवणूकच. एका खर्जातल्या आवाजाच्या गृहस्थांनी ते असं वाचलं की अध्यक्षांच्या अंगावर काटा आला. "सर, काय लिवलंय!" ते म्हणाले. मी नम्र दिसण्याचा प्रयत्न केला.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी पडदा बाजूला झाला आणि मी प्रथमच ते पूर्ण पाहिलं. खांब दुभंगलेला. उंबऱ्यावर नरसिंह बसलेला, त्याच्या मांडीवर हिरण्यकश्यपू आडवा. मोटर फिरली की पंजा पोटात जायचा आणि आतडी वर यायची. ओली, जड, खरी. बायकोने या वेळी तोंड लपवलं नाही, कारण देवासमोर तसं करता येत नाही. पण माझं लक्ष आतड्यांवर राहिलं नाही. सगळ्या चित्रांत राक्षस मरताना देवाकडे बघतो, डोळे फाडून. आमच्या मुलीने त्याची मान दुसरीकडे वळवली होती. पोट फाटत असताना तो कोपऱ्यातल्या पोराकडे बघत होता. तोंड किंचित उघडं, मुलाला हाक मारायची राहून गेल्यासारखं. तो राक्षस होताच. पण त्या क्षणी तो आधी बाप होता.

मी पाणी प्यायला गेलो.

मल्टिप्लेक्सच्या दारात वय विचारतात. मांडवाच्या दारात फक्त "पुढे चला" म्हणतात. खांद्यावरची पोरं, बाळंतिणी, शाळेच्या सहली, सगळ्यांनी ते पोट पाहिलं आणि रक्ताबद्दल कोणाचीही तक्रार आली नाही. तक्रार आली ती वेगळीच. आमच्या मजल्यावरच्या मालवणी काकी दर्शनाला आल्या, देखाव्यापुढे थांबल्या आणि त्यांनी हिरण्यकश्यपूला हात जोडले.

"अहो काकी, देव तो वरचा," कार्यकर्ता म्हणाला.

"दिसता माका. आंधळी नाय मी. पण ह्याचो जीव जाता हा रे. आतडा तुटता बघून."

त्यांच्यामागच्या बाईने बघितलं आणि तिनेही हात जोडले. मग तिच्यामागच्या दोघींनी. संध्याकाळपर्यंत राक्षसाच्या पायाशी झेंडूची फुलं आणि एक नारळ होता.

दुसऱ्या दिवशी कार्यकारिणीने मला आणि मुलीला मंडळाच्या ऑफिसात बोलावलं.

"सर, रक्ताला आपलं ऑब्जेक्शन नाय," अध्यक्ष म्हणाले. "आतडी तर एक नंबर. पण पब्लिक सॅड होतंय. वध झाल्यावर टाळ्या पडायला पाहिजेत. इकडे बायका डोळे पुसतायत."

"आज नमस्कार करतायत, उद्या नवस बोलतील," चिटणीस म्हणाले. "दुसऱ्या गल्लीवाले आधीच विचारतायत, तुमच्याकडे राक्षस पावतो काय म्हणून."

"मग काय करायचं?" मुलीने विचारलं.

"काय नाय, थोडंसं. मान सरळ कर. डोळे मोठे, लाल. मिशी वर. दात दाखव. म्हणजे कसा, नालायक वाटला पाहिजे."

"काका, त्याचं पोट फाडलंय. पोट फाडलेला माणूस मिशीला पीळ देईल का?"

"माणूस कुठे आहे तो?"

"माझ्याकडे आहे," ती म्हणाली. "चेहऱ्याला हात लावायचा असेल तर मी माझं सगळं काढून नेते. आतड्यांसकट. परत साडी कोंबा."

ती हे धमकी म्हणून बोलत नव्हती. कधीपासून हवं होतं ते एक पोट तिला मिळालं होतं, आणि दात दाखवणाऱ्या राक्षसाखाली ते पुन्हा 'पुरुष, पन्नास, पोट' झालं असतं. तिला ते उचलून रे रोडला नेणं परवडणार होतं, बिघडवणं नाही. अध्यक्षांनी मला बाजूला घेतलं. "सर, तुम्ही समजवा. आरतीच्या आधी काय ते सांगा."

मी समजवायला म्हणून निघालो आणि मांडवात जाऊन उभा राहिलो. पंजा पोटात गेला. बापाची नजर मुलाकडे गेली. आणि नेमका तेव्हा वरून माझा मदांध, उन्मत्त, दुराचारी गडगडला. समोरची बाई हात जोडता जोडता थांबली, वर कर्ण्याकडे बघून गोंधळली. चेहरा एक सांगत होता, कर्णा दुसरं. दोघांतला एक खोटा होता, आणि तो कुठला हे कळायला मराठीच्या प्राध्यापकाची गरज नव्हती.

मी परत ऑफिसात गेलो. "चेहरा बरोबर आहे," मी म्हणालो. "निवेदन चुकलंय."

"काय बोलता सर! ते तर बेस्ट आहे आपलं."

"नरसिंहाने प्रल्हादाला वर माग म्हटल्यावर त्याने काय मागितलं, माहीत आहे?"

अध्यक्षांनी चिटणीसांकडे पाहिलं. चिटणीसांनी छताकडे.

"माझ्या बापाला सद्गती दे, म्हणाला. देवाने दिली. मुलाला ज्याच्यासाठी वाईट वाटलं, त्याच्यासाठी बायकांना वाटलं तर बिघडलं कुठे?"

"हे पुराणात आहे?"

"आहे."

"नक्की ना? कोणी आलं विचारायला तर?"

"माझ्याकडे पाठवा."

अध्यक्षांनी बराच वेळ मान खाजवली. चिटणीस 'मिशी तरी' असं काहीतरी पुटपुटले. "ठीक आहे," अध्यक्ष शेवटी म्हणाले. "पण मग तुमची ती लाइन... मदांध, उन्मत्त..."

"जाऊ द्या."

बोललो खरं, पण घरी कागद पुढे घेतल्यावर एकेक विशेषण हाताला चिकटत होतं. पंजा पोटात जातो तिथपासून सगळं खोडलं; तिथे आता शांतता. शेवटी एक वाक्य ठेवलं. खर्जातले गृहस्थ दुसऱ्या मंडळांत गुंतले होते, म्हणून मुलीने आतल्या खोलीची खिडकी लावून, पंखा बंद करून माझाच आवाज फोनवर घेतला. मी वाचलं, "प्रल्हादाने देवाकडे केवळ एकच मागणे मागितले: माझ्या पित्याला सद्गती दे."

तिने ऐकलं. "बाबा, 'केवळ एकच' कशाला? आणि 'मागणे मागितले' म्हणजे तू परत कॉलेजात गेलास."

"मग?"

"प्रल्हाद म्हणाला, माझ्या बाबांना सोडव."

मी तसं वाचलं. तिसऱ्यांदा जमलं. भयपटातली हिंसा कला असू शकते का, हा प्रश्न तिने मला परत विचारला नाही. विचारला असता तर मी अजूनही बहुतेक सिनेमांना नापास केलं असतं. तिला मात्र नाही.

त्या संध्याकाळी आरतीनंतर नवं निवेदन लागलं. पंजा पोटात गेला आणि कर्णा गप्प झाला. मांडवात मोटरची घरघर तेवढी ऐकू येत होती. "चला चला, पुढे चला" म्हणणाऱ्या पोरांचाही आवाज आपोआप खाली आला. मग ते वाक्य. रांग हलली नाही. एक बाप खांद्यावरच्या मुलीचे पाय घट्ट धरून तिथेच उभा राहिला, आणि ती वरून विचारत होती, "पप्पा, सोडवलं का मग?"

अध्यक्ष माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. "सर, लाइन अडकतेय."

"चेहरा बदलायचा का?"

त्यांनी राक्षसाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

"नको," ते म्हणाले. "बॅरिकेड वाढवू."