भर परेडीत सोडलेला पट्टा

पगार कमी आहे म्हणून मी भर परेडीत कमरेचा पट्टा सोडला, संगिनीसकट जमिनीवर ठेवला आणि त्याच्यासमोर मांडी घालून बसलो. त्यापायी माझी पलटणीतली नोकरी गेली, आणखी सात जणांची जाता जाता राहिली आणि एका भल्या नाईकाची पेन्शन टांगणीला लागली.

गुंद गावात राहिलेल्या भावांनो, आणि माझ्यासारखे डोंगर उतरून बेळगाव-मुंबईला पांगलेल्यांनो, या गोष्टीच्या तीन-चार तऱ्हा माझ्याच कानावर आल्या आहेत. एकीत मी साहेबाच्या अंगावर धावून गेलो म्हणे. तसलं काही नव्हतं. मी फक्त बसलो.

गाव सोडलं तेव्हा मी एकोणीस-वीसचा असेन. जंगलखात्यानं कुमरी बंद केली होती. उतारावरची झुडपं जाळून राखेत नाचणी पेरायची आमची पिढ्यान्‌पिढ्यांची शेती एका कागदानं गुन्हा ठरली. भाताची खाचरं दोन आणि आम्ही भाऊ चार. उरलेल्यांनी ठेकेदाराची लाकडं तोडायची. माझ्या पायांना तसंही एका जागी राहणं माहीत नव्हतं.

सुप्याला काळी नदीच्या होडीपर्यंत बा आणि आवय पोचवायला आले. आवयनं माझ्या डोक्यावर चांगला पाच शेरांचा मुडलीचा कंद ठेवला. "शिजवून खा. उरला तर पेर," म्हणाली. पलटणीत पेरायला जागा असते असा तिचा समज होता, आणि माझाही. मी होडीत पाय ठेवला. तेव्हा बा म्हणाला, "जाशील थितल्या मानसांची रीत आदी बग. आपली मागनं दाखव." मी व्हय व्हय म्हणालो. लक्ष सगळं डोक्यावरच्या कंदात.

लोंढ्याला आगगाडी धरली, बेळगावच्या कॅम्पात छाती मोजून घेतली आणि शिपाई झालो. हजेरी, बरॅक, परेड, क्वार्टर गार्ड असे शब्द पाठ झाले. पायांना बूट मात्र पाठ होईनात.

आमच्या तुकडीचा नाईक बाळाप्पा, खानापूरकडचा. मिशा मोठ्या, आवाज त्याहून मोठा, आणि पेन्शनीला दोन वर्षं उरलेली. सुप्याकडून आलेला म्हणून तो मला 'सुप्या'च म्हणायचा. त्या काळी शिपायाला पीठ-डाळ आपल्याच पगारातून घ्यावी लागे, कपड्यांचंही त्यातूनच कापलं जाई. त्या वर्षी धान्य महागलं आणि पगार होता तिथंच राहिला. घरी पाठवायला जेमतेम काही उरे. बाळाप्पा आमच्या वतीनं अर्ज लिहवून वर द्यायचा. वर गेलेल्या अर्जांचं पुढं काय होतं, ते कुणी खाली येऊन सांगत नसे.

आता आमच्याकडची रीत. तुम्हाला ती ठाऊक आहे, पण शहरात वाढलेल्या तुमच्या पोरांसाठी सांगतो. ठेकेदारानं मजुरी कमी केली की आपण भांडत नाही. कमरेच्या लाकडी आकडीतला कोयता काढायचा, पात्याची धार आपल्याकडे करून त्याच्यापुढं ठेवायचा आणि बसायचं. एक बसला की बाकीच्यांनी का म्हणून विचारायचं नाही, बसायचं. ठेकेदार काय ते समजतो. पानाचं तबक मागवतो. वडीलधारा माणूस विडा उचलतो, बोलणं होतं, आणि दुपारपर्यंत कोयते परत आकडीत. कुणाचा अपमान होत नाही. पहिला कोण बसला, हे कुणी तोंडातून काढत नाही.

तर पगाराच्या दिवशीची सकाळ. सुभेदार तपासणी करत रांगेपुढून चालला होता. तो माझ्यासमोर आला आणि मला तो अगदी ठेकेदारासारखा दिसला. मी पट्टा सोडला. संगिनीचं टोक आपल्याकडे केलं, रीतीप्रमाणे. आणि बसलो. रांगेत आमच्या सुप्याकडची सात पोरं होती. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि धडाधड पट्टे सोडून तीही बसली.

सुभेदाराला वाटलं मला भोवळ आली. तो वाकून म्हणाला, "काय होतंय तुला?"

"पगारात भागत न्हाई जी," मी म्हणालो. "आदी पान येऊ द्या, मग बोलू."

"कसलं पान?"

"इड्याचं."

 सुभेदाराच्या मागून बाळाप्पा धावत आला. "सुप्या, ऊठ की रे. हितं काय लगीन हाय काय?"

"नाईक, पान आल्याबिगर उठायची रीत न्हाई," मी त्याला शांतपणे समजावलं. मला खरंच वाटत होतं की खानापूरकडच्या माणसाला हे ठाऊक नसावं आणि आपण सांगायला हवं.

पान आलं नाही. क्वार्टर गार्ड आला.

त्या पहारेकऱ्यांनी आम्हा आठ जणांना एका कोठडीत घातलं.  जगलबेटचा बाबू म्हणाला, "सोमा, म्हंजे हितं ती रीत न्हाई?"

"न्हाई असं दिसतंय."

"मंग आमी कशाला बसलो?"

"मी बसलो म्हणून."

बाबूनं मान हलवली आणि भिंतीकडे तोंड केलं. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. ती पोरं पगारासाठी बसलीच नव्हती. कमी पगारावरही त्यांची घरं कशीबशी चालली होती, आणि मी त्यांना न विचारता तो कमी पगारही त्यांच्या हातातून काढून घ्यायला निघालो होतो.

चौकशी सुरू झाली. पलटणीच्या गोऱ्या साहेबाचा प्रश्न एकच होता, पहिला कोण बसला. सातांपैकी एकानंही सांगितलं नाही. ती रीत त्यांनी पाळलीच. बाळाप्पाला विचारलं तर तो म्हणाला, "मी त्या टायमाला दुसरीकडं बगत हुतो, साहेब." ज्याचं कामच रांगेवर नजर ठेवायचं, त्यानं हे सांगावं म्हणजे गुन्हा आपल्या अंगावर ओढून घेणं झालं.

सुभेदार कोठडीच्या दारात आला. "नाव आलं नाही तर आठही जण बडतर्फ होतील," म्हणाला. "आणि तुमच्या नाईकाला सांगा, पेन्शन विसर."  मग माझ्याकडे बघून म्हणाला, "पगार मलाही पुरत नाही. पण शिपायानं हत्यार खाली ठेवलं की मग गोष्ट पगाराची राहत नाही. उद्या समोर शत्रू आला तर त्याच्याकडेही पान मागशील?"

  माझ्या तोंडाशी एक प्रश्न आला होता, तो मी गिळला. शिपायानं पोट भरत नाही हे सांगायचं तरी कुठं? अर्ज केला तर तो परत येत नाही. बोलला तर तोंड वर करतो म्हणतात. बसला तर बंडखोर. बरोबर वाट ठेवलीच नाही, तर माणूस चुकीच्या वाटेनंच येणार, आणि आला की वाट चुकला म्हणून त्याला काढणार. हे मला तेव्हा इतकं नीट जमलं असतं तर मी शिपाई कशाला, वकील झालो असतो.

दोन दिवस मी कोठडीत चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे करत होतो. बाबू वैतागून म्हणाला, "बस की रे जरा." मग स्वतःच म्हणाला, "नगं. तू बसू नगंस."

तिसऱ्या दिवशी साहेबापुढं उभा राहिलो. "पयला मीच बसलो," म्हणालो. "हे सात जण आमच्या रीतीनं बसले. त्यांचं पगाराबद्दल काही म्हणनं न्हाई. नाईकानं तर मला ऊठ म्हणून सांगितलं हुतं."

सुभेदारानं ते साहेबाला इंग्रजीत सांगितलं. साहेबानं काहीतरी विचारलं. सुभेदार म्हणाला, "आणि तुझं स्वतःचं काय म्हणणं?"

इथं पाय धरले असते तर कदाचित वाचलो असतो. पण तोंडातून गेलं, "माजं हाय. पगार कमीच हाय."

माझं नाव कापलं. सात जणांना महिनाभर जादा कवायत मिळाली. बाळाप्पाची नाईकपणाची पट्टी आणि पेन्शन राहिली. मी गावाहून आणलेल्या धोतरात फाटकाबाहेर आलो. घर एका दिवसाच्या वाटेवर होतं, पण पाय तिकडे वळेनात. बडतर्फ होऊन आलो हे बाला कोणत्या तोंडानं सांगायचं? स्टेशनाजवळच्या लाकडाच्या वखारीत लागलो तो अजून तिथंच आहे. आता मुकादम आहे. आपल्याकडचा साग वखारीत येतो. कापला की त्याच्या वासावरून मी डोंगर सांगतो, आणि दहात सहा वेळा चुकतो.

पुढं लढाई लागली. माणसं कमी पडू लागली तेव्हा शिपायाला धान्य सरकारातून मिळू लागलं. ते माझ्यामुळं झालं, असं मी वखारीत बरीच वर्षं सांगितलं. सातही जण समुद्रापार बसऱ्याकडे लढायला गेले. पाच परत आले. बाबू आला नाही, आणि गुंदाजवळचा एक आला नाही. त्या दोघांच्या घरच्यांनो, हे तुमच्यासाठी लिहितो आहे. मी त्या दिवशी साहेबापुढं गप्प राहिलो असतो तर आठही जण बडतर्फ झालो असतो आणि सगळे घरी असते. मी त्यांना वाचवलं, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. आता कशापासून वाचवलं ते सांगता येत नाही. या एका गोष्टीनं मला अजून धड बसू दिलेलं नाही. वखारीतले हमाल मजुरीसाठी थांबले की मालक म्हणतो, पुढारी कोण ते बघ आणि काढून टाक. मी बघायला जातो आणि मला कुणी दिसत नाही.

घर म्हणजे काय, असं या वयात कुणी विचारलं तर मी म्हणेन, जिथं रुसून बसलं तरी आपली जागा जात नाही ते घर. असं गाव मला एकच मिळालं, आणि तिथं मी आता पाहुण्यासारखा चार दिवस राहून येतो.

मागल्या वर्षी बाळाप्पा वखारीत आला, दाराची चौकट घ्यायला. पेन्शनवर अंगानं सुटला होता, मिशा पांढऱ्या. त्याला बाकावर बसवलं, चहा मागवला, आणि इतकी वर्षं पोटात ठेवलेलं विचारून टाकलं. "नाईक, खरं सांगा. मला काढलं ते बरोबर होतं का?"

त्यानं कप खाली ठेवला, मिशा पुसल्या.

"पगार मागितला म्हणून काढलं ते चूकच की रे," तो म्हणाला. "तुजी कवायत बगून पयल्याच म्हयन्यात काढाय पायजे हुतं."