गिटारनं खाल्लेला अंगठा

वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी सरकारनं माझा डावा अंगठा ओळखायला नकार दिला.

दिवस वाटणीचा होता. विट्याजवळच्या आमच्या उसाच्या रानाचे तीन वाटे करायचे, एक थोरल्या आक्काचा, एक माझा, एक धाकट्या संभाचा, हे आई होती तेव्हाच तिच्यासमोर ठरलेलं. भांडण नाही, तंटा नाही. आक्का कोरेगावहून पहाटेच्या एसटीनं आलेली. संभा फौजेत हवालदार. दुसऱ्या दिवशी त्याची गाडी. म्हणजे आज दस्त झाला नाही तर वाटणी थेट त्याच्या पुढच्या सुट्टीला! रजिस्टर कचेरीत आक्काचा अंगठा उमटला, संभाचा उमटला. मी ऐटीत यंत्रावर अंगठा टेकला आणि यंत्र बोंबललं.

"परत ठेवा," क्लार्कबाई म्हणाल्या. परत ठेवला. परत बोंब.

"हात धुऊन या." धुतला. "कोरडा करा." केला. "आता केसांवरनं फिरवा, जरा तेल लागलं की उमटतो." (माझ्या डोक्यावर ती सोय राहिलेली नाही. संभाची कटिंग फौजी. शेवटी रांगेतल्या एका अनोळखी आजोबांनी "घ्या आमचं" म्हणून टोपी काढून डोकं पुढं केलं!) तरी यंत्र ढिम्म.

बाईंनी अंगठा धरून उजेडात बघितला. "रेषाच न्हाईत की हो! काय काम करता? गवंडी हाय काय?"

"शाळेत क्लार्क आहे," मी म्हणालो.

"मग ह्या अंगठ्याला झालं काय?"

काय झालं ते मला पक्कं ठाऊक होतं. पण शंभर माणसांत सांगायचं कसं?

लेक पुण्याला नोकरीला गेली तेव्हा तिची गिटार कपाटावर राहिली. एक दिवस मी ती काढली. मोबाईलवर एक पोरगेला गुरू 'एका महिन्यात गिटार' शिकवत होता, त्याच्या नादी लागलो. तारा छेडायची चकती लेकीनं कधीच हरवलेली, म्हणून अंगठ्यानं छेडायच्या. त्यात मी डावखुरा! म्हणजे गिटार उलटी धरायची, गुरूची जाड तार वर तर माझी खाली. तो म्हणायचा "आता ऐका, किती गोड!" आणि माझ्या गिटारीतून पत्र्यावर मांजर घसरल्यासारखा आवाज यायचा. अंगठ्याला आधी फोड आले, मग सालटं गेलं, मग गेंड्याची कातडी आली. महिन्याचे सात महिने झाले. बायको म्हणाली, "हे घरात वाजणार असंल तर मी माहेरी जाते." म्हणून मी गिटार युरियाच्या पोत्यात घालून रोज संध्याकाळी रानातल्या मोटरीच्या खोलीत जायला लागलो. गावाला पत्ता नाही.

निदान मला तसं वाटत होतं.

"आश्या," आक्का हळूच म्हणाली, "अंगठ्याला कानस मारून आलाईस व्हय रं?"

"आक्का! काय बोलतीस?"

"मग रोज सांजच्याला पोत्यात घालून रानात काय नेतूस? मला समदं कळतंय कोरेगावात. लांब दांडा बाहेर आल्याला असतोय म्हणं. पहारच ना? बांध सरकवाय लागलास?"

"पहार न्हाई गं ती!"

"बापाच्या रानाला माझं नाव लागतंय म्हणून जड झालं तुला. तोंडावर सांगायचं हुतंस. मी काय मागाय आले न्हवते." आणि तिचे डोळे भरले. लहानपणी ज्या आक्काच्या कडेवर मी वाढलो ती मला बांधकोऱ्या समजत होती! संभानं छाती पुढं काढली. "दादा, सीधा बोल. पोत्यात काय हाय?"

"गिटार," मी म्हणालो.

"आँ?"

"गिटार हाय! मी गिटार शिकतोय!"

अख्खी रांग माझ्याकडं वळली. मग मागून कुणीतरी खदाखदा हसलं. (तेच ते टोपीवाले आजोबा.)

"लय झालं," आक्का म्हणाली. "खोटं बोलायचं तर बरं तरी बोल."

संभा मोटारसायकलवरून गेला आणि अर्ध्या तासात पोतं घेऊन आला. गिटार निघाली, तरी आक्काचं समाधान नाही. "पोरीचीच हाय ही. तू वाजवतूस हे कशावरनं?"

मग काय! कचेरीच्या आवारात, लिंबाच्या झाडाखाली, दस्ताला आलेल्या साऱ्या गावांच्या साक्षीनं मी गिटार उलटी धरली आणि आई आम्हाला झोपवताना म्हणायची ती ओवी सुरू केली. सात महिन्यांत मला तेवढी एकच येत होती. म्हणजे येत होती असा माझा समज होता. घाम फुटला, बोटं घसरली, तिसऱ्या ओळीला एक तार तुटून माझ्याच कानावर बसली! क्लार्कबाईंनी खिडकी लावून घेतली.

आक्कानं तोंडाला पदर लावला. मला वाटलं, आईच्या आठवणीनं हुंदका आला. बघतो तर बाई हसून हसून खाली बसलेली!

"आरं, बास कर, बास!" ती डोळे पुसत म्हणाली. "पटलं मला. इतकं वंगाळ सोंग घेऊन कुणाला जमायचं न्हाई. ही मेहनतच हाय!" आणि तिनं माझा तो राठ झालेला अंगठा हातात धरून हळूच चोळला. "दुखतंय का रं?"

दुखत नव्हतं. पण मी 'हो' म्हणालो.

रजिस्ट्रारसाहेब स्वतः बाहेर आले. "उजव्या अंगठ्याचा ठसा घ्या, मी शेरा मारतो," म्हणाले. "पण आधी ते वाद्य पोत्यात घाला." उजवा अंगठा पहिल्या झटक्यात उमटला. दस्त झाला.

साहेबांनी शेरा लिहिला तो मी वाकून वाचला: 'गिटार वाजवल्यामुळे डाव्या अंगठ्याचा ठसा उमटत नाही.' माझी छाती फुगली. सरकारी कागदावर वादक म्हणून नोंद! मी "आभारी आहे, साहेब" म्हणालो. साहेबांनी क्षणभर माझ्याकडं बघितलं, लिंबाखाली बघितलं, पुन्हा पेन उचललं, 'वाजवल्यामुळे' हा शब्द खोडला आणि वर स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'घासल्यामुळे'.