समोरच्यांनी माणसं कमी केली

पापड लाटताना हात अडकलेले असतात आणि तोंड मोकळं. त्यामुळे आमच्या गडब गावच्या बचत गटात रोज एखादा किस्सा तयार होतोच. पोह्याचे पापड पेणच्या दुकानात जातात, किस्से पडवीतच पडून राहतात. हे ह्याच उन्हाळ्यातले, सरहद्दीवर समोरच्या देशाने सैन्य कमी करायला घेतलं तेव्हाचे.

आमच्यातल्या यमुनाबाईंचा निलेश फौजेत, वर बर्फातल्या चौकीवर. गेल्या गणपतीलाही आला नव्हता. आणि शेजारचे सुभेदारकाका फौजेतून रिटायर. घरात काकी ऐकत नाहीत म्हणून आम्हाला पेपर वाचून दाखवायला येतात.

*

पहिल्या दिवशी काकांनी वाचलं, "समोरच्यांनी फौज मागे घेतली."

यमुनाबाई लगेच म्हणाल्या, "मग आपली पण काढा की."

"असं नसतं गो. फौज म्हणजे काय लग्नातली पंगत हाय? एक उठला की सगळे उठले?"

"पंगतीत पण पहिल्यांदा कोण तरी उठतोच ना? ते उठले. आता तुम्ही किती वेळ बसणार? वाढपी काय म्हणतील?"

काकांनी पान उलटलं आणि क्रिकेटची बातमी काढली.

*

फातिमाभाभींचे मालक आखातात नोकरीला. त्यांना ह्या बातमीचं काही कौतुक नाही.

"माणसं कमी केली म्हणून खूश नको होऊ यमुने," त्या म्हणाल्या. "आमच्या ह्यांच्या कंपनीत पण केली. यांना घरी नाय पाठवलं. दुसऱ्याची शिफ्ट पण यांच्याच गळ्यात घातली."

यमुनाबाईंनी त्या दिवशी पापड जाडे लाटले. मी परत करायला लावले. गटाचं नाव आहे बाजारात, एकीच्या काळजीपायी ते घालवून कसं चालेल?

*

समोर खरंच माणसं कमी झाली का, हे कळतं कसं? निलेशने फोनवर सांगितलं, "आई, दुर्बिणीतून त्यांची कपड्यांची दोरी दिसते. हल्ली कपडे कमी असतात."

काका भडकले. असलं फोनवर बोलायचं नसतं म्हणाले. मग स्वतःच सांगत बसले, की त्यांच्या वेळी चुलींचा धूर मोजायचे. समोरच्यांना ते कळलं, तर त्यांनी रिकाम्या तंबूतही चुली पेटवल्या. मग काकांच्या लोकांनीही पेटवल्या. "शेवटी दोन्हीकडचं रॉकेल संपलं आणि दोन्हीकडे कच्चा भात खाल्ला," काका म्हणाले. हे खरं किती, ते काकांनाच ठाऊक.

यमुनाबाईंचं आपलं दोरीवरच लक्ष. "एवढ्या थंडीत रोज कपडे धुतो कोण? निलेशची बनियन मी इथे सुद्धा धुवायला ओढून काढायची."

*

हायवेच्या पलीकडे दुसरा पापड गट आहे. त्यांचं-आमचं पटत नाही, कारण विचारू नका. एक दिवस कळलं, त्यांनी निम्म्या बायका कमी केल्या. आमच्याकडे आनंदीआनंद. आपण पण दोघी-तिघी कमी करू, खर्च वाचेल, असं मीच सुचवलं.

काका म्हणाले, "थांब. आधी बघून ये."

फातिमाभाभी नातेवाइकांचं निमित्त काढून जाऊन आल्या. "मशीन आणलंय गो. धडाधड पापड पडतायत."

"बघा," काका म्हणाले. "माणसं कमी झाली की आत काय आलं ते बघायचं."

आम्ही सगळ्या मशीनच्या किमतीवर बोलायला लागलो. यमुनाबाईंचा हात मात्र थांबला होता.

"म्हणजे त्यांची पोरं घरी गेली," त्या म्हणाल्या, "नि माझा निलेश मशीनसमोर उभा हाय."

काकांनी पेपर घडी करून काखेत मारला आणि घरी गेले.

*

रोह्याला माजी सैनिकांचा कार्यक्रम होता. काकांचं भाषण आणि बाहेर आमचा पापडांचा स्टॉल. काका तावातावाने म्हणाले, "ते कितीही मागे जाऊ देत, आपला एकही जवान खाली येता कामा नये." टाळ्याच टाळ्या.

परतताना एसटीत काका खुशीत. "कसं झालं भाषण?"

"झ्याक झालं," यमुनाबाई म्हणाल्या. "मी पण टाळ्या वाजवल्या. पण काका, तुमचा पोरगा कंपनीत. संध्याकाळी घरी येतो."

रोह्यापासून गडबपर्यंत काका खिडकीबाहेर बघत होते. माझ्या मते यमुनाबाई जरा जास्तच बोलल्या. पण खोटं काही बोलल्या नव्हत्या.

*

पुढच्याच आठवड्यात पेपरात आलं, आपणही सैन्य कमी करणार. काकांनी बातमी दोनदा वाचली. यमुनाबाई दारातून आत-बाहेर करत होत्या. निलेश येणार म्हणून त्यांनी सोडे, त्याची आवडती सुकी कोलंबी, आणून ठेवले होते.

दुपारी निलेशचा फोन आला. यमुनाबाईंचे हात पिठात, म्हणून मी स्पीकर लावला. काका तिथेच बसलेले.

"आई, आमच्या चौकीवरची निम्मी माणसं खाली जाणार. मी नि तो खांब गावचा पोरगा, दोघांतून एकच. साहेब म्हणाले, तुमचं तुम्ही ठरवा. त्याचं लग्न ठरलंय गो. पण तो म्हणतो, तू जा, तुझी आई एकटी हाय."

लाटणी थांबली. कोणी कोणाकडे बघेना.

सुभेदारकाका उठले. फोनपाशी वाकले आणि म्हणाले, "निलेश, मी काका बोलतोय. तू खाली ये रे बाबा. बाकीचं बघून घेतील."

"काका, तुम्ही बसा," यमुनाबाई म्हणाल्या. पिठाचे हात तसेच धरून त्या फोनजवळ आल्या.

"निलेश, त्याला पाठव."

त्यांनी कोपराने फोन जवळ ओढला.

"ऐकलंस ना?" यमुनाबाई म्हणाल्या. "आणि जेवलास काय?"